वरचा पिळा

आमच्या ह्यांना बाजारात कोणी नावानं हाक मारत नाही, गच्चशेठ म्हणतात. टायरच्या दुकानात ह्यांनी एकदा चाकाचे नट आवळले की ते सोडवायला पुन्हा ह्यांनाच बोलवावं लागतं, म्हणून. ह्यांना त्याचं भारी भूषण. भाजीवाली ओळखीच्या बाईला वर चार मिरच्या टाकते ना, तसा हे ओळखीच्या गिऱ्हाइकाला नटावर एक पिळा वरचा देतात. घरच्यांना दोन, तेही पान्यावर पाय देऊन. बायकोला कौतुकाचा एक शब्द कधी वर मिळेल तर शपथ!

मग लेकीच्या गाडीला किती पिळे मिळाले असतील, तुम्हीच बघा. लेक नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या, असं काम तिला नुकतंच मिळालं होतं. एकटीनं गाडी घेऊन लांब लांब जायचं. ती खूश होती आणि ह्यांचा जीव खालीवर होत होता.

एके दिवशी वाटेत पंक्चर होऊन तिचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, चाक बदलायलाही तिला येत होतं. पण नट काही हलेनात. शेवटी ती पान्यावर उभी राहिली, उड्या मारल्या, आणि एक बोल्ट मुळातून तुटला. तिकडे इंजेक्शनची वाट बघणाऱ्या आजोबांकडे दुसऱ्या नर्सला धाडावं लागलं. कामावरच्या मोठ्या बाईंनी लेकीला बजावलं, पुन्हा असं झालं तर ऑफिसात बसून फोन घ्यायचे.

दुपारी गाडी दोरखंडाला बांधून दुकानात आली. तिच्यातून लेक उतरली, हात काळे आणि डोळे लाल.

"बाबा, हे नट कोणी आवळले?"

"मीच. तुझी गाडी दुसऱ्याच्या हाती देईन होय? चालता चालता चाक निघालं असतं म्हणजे?"

"निघालंच नाही ना! तेच तर दुखणं आहे."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं, पण माघार घेतील तर ते गच्चशेठ कसले! "बाळा, मला फोन करायचास. मी आलो असतो की धावत."

"तुम्ही यायला नकोय मला. मला चाक सोडवता यायला हवंय."

मला लेकीचं पटलं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तिला खुर्चीत बसवून ठेवायच्या कल्पनेनं त्याहून जास्त वाईट वाटलं. भिंतीवर मापाचा पाना टांगलेला होता. ठरलेल्या जोराला पोचला की टक् करतो तो. ह्यांनी हौसेनं आणला आणि शोभेला ठेवला. मी तो काढून ह्यांच्या हातात दिला.

"ह्या पान्याला काय कळतंय, गाडी माझ्या लेकीची आहे ते?" हे म्हणाले.

"नाही कळत, म्हणूनच तो शहाणा," मी म्हटलं.

हे हसले नाहीत, पण कामाला बसले. नवा बोल्ट घातला, आटे तारेच्या ब्रशनं साफ केले. नट आधी नुसत्या बोटांनी बसवले. मग पान्यानं थोडे थोडे, शेजारचा सोडून समोरचा, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. जॅक उतरवून टायर जमिनीला टेकवला, गाडीच्या पुस्तकातला आकडा पान्यावर लावला आणि ओढलं. टक्. हात थांबला, खांदा मात्र पुढे झुकलाच.

"बाबा."

"थांबलोय गं, थांबलोय!"

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना इतकं अवघड काम करताना मी पाहिलं नव्हतं. चारही चाकं तशीच झाली. मग लेकीनं गाडीतला साधा पाना लावून एक नट सोडवला. जरा जोर लागला, पण सुटला. हे त्या नटाकडे बघतच राहिले. मग तो मापानं पुन्हा आवळायला लावला आणि बजावलं, "पन्नासएक किलोमीटर गेलीस की सगळे पुन्हा तपासायचे. विसरलीस तर बघ."

पुढच्या महिन्यात भर दुपारी तिचा फोन आला. हे टायरला हवा भरत होते. चाक पुन्हा बसलं होतं, असं ऐकताच ह्यांनी नळी टाकली आणि गाडीची किल्ली उचलली.

"कुठे आहेस? निघालोच मी."

"अहो बाबा, झालं बदलून. पेशंटकडे पोचलेसुद्धा. परतताना नट तपासेन. ठेवू का? आजी वाट बघतायत."

हे किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते. मला वाटलं, मनाला लागलं ह्यांच्या. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवणार, एवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. हे वळून त्याच्यावर जवळजवळ ओरडलेच:

"लेकीचं चाक बसलं होतं वाटेत. मला बोलावलंच नाही तिनं!"

संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला हे तेच सांगत होते, छाती फुगवून.