आखूड भरलेली धावपट्टी

कॉलेजात खेळ म्हणजे नुसता दंगा, अशी समजूत होती तेव्हा आमच्या ह्यांना पहिले क्रीडाप्रमुख म्हणून नेमलं. कचेरी जिन्याखाली, ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं. मैदानातले दगड ह्यांनी स्वतः वेचले. मुलं ह्यांना 'शिट्टीसर' म्हणायची. शिट्टी घरीही गळ्यातच. "अहो, जेवताना तरी खेळ थांबवा," मी म्हणायची.

नणंदेची मुलगी आमच्याकडे राहून शिकत होती. आंतरकॉलेज स्पर्धेत तिनं धावण्याचा जुना विक्रम मोडला आणि देशाच्या संघाच्या शिबिरात तिची निवड पक्की झाली. मी देवापुढे हात जोडले. पोर घरभर नाचत होती.

दुसऱ्या दिवशी अडथळ्यांच्या शर्यतीसाठी हे पुन्हा मोजायला गेले. धावपट्टी आखताना मोजायचा तागाचा दोर रात्रभर गवतात राहून दवानं भिजलेला होता. भिजला की दोर आखडतो, हे ह्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तो उन्हात वाळून लांबला, आणि पट्टी आखूड भरली.

हे घरी आले ते पांढरेफटक पडून.

"कोण बघायला येतंय?" मी म्हटलं.

"मी बघितलंय ना."

"मग आधी पोरीच्या कानावर तरी घाला."

ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि निघून गेले. संध्याकाळी ती बक्षिसासाठी पहिल्या रांगेत बसली होती. ह्यांनी लाउडस्पीकरवरून सगळ्यांसमोर तिचा विक्रम रद्द केला.

तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायची परवानगी मिळाली होती, पण तिनं बुटांना हात लावला नाही. "एवढ्या लोकांत मी खोटी ठरले, मामी." शिबिराला दुसरीच मुलगी गेली.

ह्यांच्या सचोटीचे सगळीकडे गोडवे गायले गेले. भाची पुढे मुलंबाळं घेऊन येत राहिली, पण मामाशी बोलणं "बरा आहेस ना?" एवढंच.

हे अंथरुणाला खिळले तेव्हा ती आली. उशी सारखी करता करता तिनं विचारलं, "मामा, मला आधी का नाही रे सांगितलंस?"

हे छताकडे बघत म्हणाले, "तू रडली असतीस. मग मी गप्प बसलो असतो."

"म्हणजे माझी भीती वाटली तुला?"

"हो गं."

"मग तेवढंच सांगायचंस. दुसऱ्या दिवशी धावले असते की मी."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बाहेर यायला मला धीर होईना.