शेवटच्या आंघोळीची फळी

आमच्या गल्लीत माणूस मेला की त्याला एकाच फळीवर आंघोळ घालतात. फळी सगळ्यांची, पण टांगलेली असायची आमच्या बोळात, कारण गल्लीतला सगळ्यात भक्कम खिळा आमचा. लहानपणी मला वाटायचं, चपलांच्या वर अशी एक फळी प्रत्येकाच्याच घरी असते.

गल्ली रंग कारखान्यातल्या कामगारांची. जन्मभर निळ्या हौदात सूत बुडवणाऱ्याच्या अंगात रंग मुरतो. साबण, दगड, लग्न, कशानेच निघत नाही. निघतो तो शेवटच्या आंघोळीत, घरच्यांनी गरम पाण्याने चोळल्यावर, तोही जरासा. तेवढा रंग फळी पिऊन टाकते. तिच्यात माझी आजी आहे, आई आहे, आणि हयातीत एकमेकांचं तोंड न पाहिलेले शेजारचे दोन्ही काका आहेत. सगळे निळेशार होऊन गुण्यागोविंदाने नांदतात.

शहरातल्या संग्रहालयाला हे कुठून कळलं कोण जाणे. तोपर्यंत तिथे राजांचे जोडे आणि राजांच्या घोड्यांचे दात होते. आता त्यांना ‘आपली माणसं’ नावाचं दालन काढायचं होतं. संचालकबाई फळी मागायला स्वतः घरी आल्या, पाटावर बसल्या, बिनसाखरेचा चहा कौतुकाने प्यायल्या.

“इतकी वर्षं आम्ही तुम्हाला दाराबाहेर ठेवलं,” त्या म्हणाल्या.

“छे हो,” बाबा त्यांची समजूत काढत म्हणाले, “आम्ही आलोच नव्हतो.”

“आणि मध्येच कोणी मेलं तर?” आत्याने विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला लाजलज्जा वगैरे त्रास नाहीत.

“एक फोन करा, मावशी. फळी तुमचीच आहे.”

त्या एका वाक्यावर फळी गेली. खिळा राहिला. आत्याने त्याला छत्री अडकवली.

काचेआड, दिव्याखाली फळी फारच सुंदर दिसत होती. बाबा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिला बघायला जायचे. आई असताना तिला भेटायला त्यांनी कधी शर्टसुद्धा बदलला नव्हता. पुढे संग्रहालयाने त्यांना दालनाच्या समितीवर घेतलं, समाजाचे प्रतिनिधी म्हणून. प्रतिनिधी हजर नसेल तर बैठकच भरायची नाही, असा नियम केला. बाबांना हे फार लागलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. कारखान्यात ते तापाने फणफणले तरी हौद थांबत नसे.

मग त्यांची फुफ्फुसं गेली. डॉक्टरांनी नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं, त्यावरून कळलं.

“मला फळीवरच घाला रे,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईशेजारी जागा आहे अजून.”

मी तो एक फोन केला. संचालकबाई खरोखर रडल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, वस्तू नोंदलेली आहे, बाहेर काढायला समितीचा ठराव लागतो, तुमच्या बाबांचा अर्ज पुढच्या बैठकीत घेते.

बैठकीला बाबांना खुर्चीसकट नेलं. मी मागे ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन. विषय निघाला तसे सचिव घसा खाकरून म्हणाले, “अर्जदार स्वतः सदस्य आहेत. निर्णय होईपर्यंत त्यांनी बाहेर थांबायला हवं.”

मी बाबांना बाहेर आणलं. बाबा बाहेर, म्हणजे प्रतिनिधी नाही, म्हणजे बैठक बंद. आत बोलावलं. बैठक सुरू. पहिला विषय अर्ज. बाहेर. चहा येईपर्यंत आमच्या अशा खेपा चालल्या. आत कोणालाच यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बाहेर बाबा हसत होते, हसताना खोकत होते.

“माझ्यावाचून इतकं कधी कुणाचं अडलं नव्हतं,” ते म्हणाले.

पुढच्या बैठकीआधीच ते गेले. आता प्रतिनिधीची जागा रिकामी होती. जागा भरेपर्यंत बैठक नाही, बैठकीशिवाय फळी नाही. संचालकबाई पुन्हा रडल्या, आणि त्यांनी मनापासून जे जमलं ते केलं: लहान मुलांच्या विभागात हात लावायला ठेवलेली फळीची प्लॅस्टिकची प्रतिकृती गाडी करून पाठवली. कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्पर्श करा, अनुभवा!’

नक्कल मात्र चोख होती. गल्लीतल्या पाठींनी पिढ्यान् पिढ्या पाडलेला खळगाही त्यात जसाच्या तसा होता. बाबांचे खांदे त्यात बरोबर बसले. आम्ही पाणी घातलं, चोळलं. रंग निघाला. पण प्लॅस्टिक काही पीत नाही. बाबांचा निळा खळग्यात साचला, काठावरून सांडला आणि मोरीकडे निघाला. आत्या खाली बसून दोन्ही तळव्यांनी त्याला अडवत राहिली. बोटांच्या फटींतून तो गेलाच.

“सगळा गटारात,” ती म्हणाली.

प्रतिकृती धुऊन परत केली. शाळेची सहल येणार होती.

नवा प्रतिनिधी म्हणून गल्लीने मला निवडलं, कारण बाकी कोणी संग्रहालयाचा फोन उचलत नव्हतं. पहिल्याच बैठकीत जुना विषय निघाला. या वेळी अर्जदार खोलीत नसल्यामुळे कसलीच अडचण आली नाही. एकमताने मंजूर. टाळ्यासुद्धा झाल्या.

“अहो, पण अर्जदार वारले,” मी म्हणालो.

“अर्जाचं कारणच ते होतं ना?” सचिव म्हणाले.

तर ठरल्या दिवशी फळी घरी आली. सोबत पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं. संध्याकाळी परत न्यायची होती. त्यांनी ती अंगणात मांडली आणि बाजूला हात बांधून उभी राहिली. गल्लीत त्या दिवशी कोणीही मेलेलं नव्हतं. मी दोन-तीन घरी विचारूनही आलो.

आत्या बराच वेळ फळीकडे बघत होती. मग तिने चपला काढल्या आणि सरळ फळीवर आडवी झाली.

“मावशी! वस्तूला हात लावू नका!”

“हात कुठे लावतेय? पाठ लावतेय.” खांदे सरकवत सरकवत तिने खळगा शोधला आणि हात छातीवर ठेवले. तिची नखं बाबांच्या रंगाने अजून निळी होती. “पाणी घाल रे.”

“पाणी चालणार नाही,” हातमोजेवाले म्हणाले.

संध्याकाळ झाली. त्यांच्यातला मोठा ओणवा होऊन हलकेच म्हणाला, “मावशी, उठा आता. न्यायची वेळ झाली.”

“मी मेलेय,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “मला उठवायचं तर समितीचा ठराव आणा.”

तो दुसऱ्याकडे बघायला लागला. दुसऱ्याने फोन काढला, कोपऱ्यात जाऊन बाईंशी बोलला. थोड्याच वेळात माझ्या खिशात फोन थरथरला. तातडीची बैठक असणार. प्रतिनिधीवाचून ती भरणार नव्हती.

मी फोन बंद केला आणि पाणी तापत ठेवलं.