धुतलेला स्वेटर

गाईचा उजवा पुढचा सड.

त्याने तो दोन बोटांत धरला आणि लगेच सोडला. गरम. ओलसर. वर शेणाची सुकलेली खपली, तिचा तुकडा नखात शिरलेला. त्याने बोटं पँटला पुसली, मग पँटकडे पाहिलं.

"झुरळ धरल्यासारखं काय धरतोस? मूठ वळ," गोठ्याच्या दारातून आई म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

त्याने मूठ वळली. काही नाही.

डावा पुढचा. काही नाही. गाईने शेपूट फिरवलं आणि ओला गोंडा त्याच्या ओठांवरून गेला. तो थुंकला. पुन्हा थुंकला.

मागचे दोन्ही. तेच.

आई परवा पडली तेव्हापासून गाय तटली होती, धार देत नव्हती. कास दगड झाली होती. गुरांच्या डॉक्टरने सकाळी फोनवर सांगितलं होतं, दुपारपर्यंत मोकळी झाली नाही तर कास सडेल आणि गाय हातची जाईल.

"माझा स्वेटर घाल. माझा वास आल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही."

"कुठला?"

"धारेचा. तपकिरी. खुंटीवर असतो तो."

त्याने अंगणाकडे पाहिलं.

काल आल्या आल्या त्याने तो काठीने उचलला होता. दुधाने कडक झालेल्या बाह्या, काखेत पांढरे नकाशे. दोनदा साबणाच्या पाण्यात भिजवला, दोनदा पाणी काळं झालं. आता तो अंगणात दोरीवर होता. खरा रंग पिवळा निघाला होता.

आईने त्याच्या नजरेमागे नजर नेली.

"धुतलास? बारा वर्षं मी पाणी लागू दिलं नाही त्याला. शहाणा रे माझा!"

तिने पायाने स्टूल सरकवलं आणि त्याला चिकटून बसली.

"अगं, काय करतेस?"

"स्वेटर नाही, तर मीच."

डाव्या तळव्याने तिने मानेवरचा घाम निपटला आणि त्याच्या गळ्याला चोळला. गालाला. कपाळाला. मग गालाला गाल लावला. घाम, आंबलेलं दूध, केसांतलं खवट तेल. त्याने श्वास रोखला.

"किळस येते?"

"येते."

"लहानपणीही यायची. कडेवर घेतलं की रडायचास." नळाला पाणी आलं की नाही हे सांगावं तशी ती बोलली. "वळ मूठ. अंगठ्याकडून खाली."

श्वास किती रोखणार? त्याने घेतला. तो सगळा वास आत गेला.

गाईने मान मागे आणली आणि दोघांची डोकी हुंगली. शेंबडाची तार त्याच्या कानावर टेकली. तो हलला नाही. मुठीतली कातडी सैल झाली. पहिली धार गाठीगाठीची, पिवळट, थेट त्याच्या बुटावर. दुसरी बादलीच्या तळाला वाजली.

उजवा. डावा. उजवा. फेस चढत गेला. कोमट वाफ त्याच्या तोंडावर आली.

धारा बारीक झाल्या. मग थेंब. मग थेंबही नाही. कास चुरगळून लोंबू लागली. आई गाल सोडवून उठायला लागली.

"थांब," तो म्हणाला. "अजून आहे."

आईने बादलीत पाहिलं. फेस हलत नव्हता. तिने पुन्हा गाल टेकवला.

त्याला उमळून येत होतं. तो पिळत राहिला.