चिंचेच्या गाठीची काठवट

मी एक जुनी, तडकलेली काठवट आहे, मित्रांनो. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायचं लाकडी भांडं. माझ्यात मात्र एका भाकरीचंही पीठ धड मळून झालेलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली मी. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते.

शिंदखेड्याजवळच्या एका मळ्यात चिंचेचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला मोठी गाठ आली होती, ती मी. १९१४ सालच्या वावटळीत झाड उन्मळून पडलं. मळ्याची मालकीण ताईबाई हिनं बाकीचं लाकूड चुलीला ठेवलं, पण मला करवतून वेगळं काढलं आणि बैलगाडीत घालून धुळ्याला अमीन खरादीकडे आणलं. लाकूड फिरवायचं, त्यावर हत्यार धरायचं आणि लाटणी, रव्या, खाटेचे पाय कातायचे, हा अमीनचा धंदा.

"भाऊ, मनी आंडेरनं लगीन शे," ताईबाईनं मुलीच्या लग्नाचं सांगितलं. "हाई गाठनी काठवट करी दे. जाड कर, जलमभर पुरी अशी."

अमीननं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला खरादावर चढवलं. त्याची बायको नूरबी माझ्याभोवतीची दोरी दोन्ही हातांनी मागंपुढं ओढी, मी फिरे आणि अमीन हत्यार लावी. गाठीच्या लाकडात सरळ रेषा नसतात, सगळे भोवरे आणि डोळे. ते एकेक उघडू लागले तसा अमीन खुळावला. माझ्या काठावर झाडाची साल होती, वरखाली वळणं घेत गेलेली. काठ सपाट कापायचा सोडून त्यानं ती साल तशीच ठेवली. मग मला आतून कोरत गेला. बोटाच्या जाडीवर आला, तिथं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. थोडं कोरी, बोटानं टिचकी मारून आवाज ऐके, दाराच्या उजेडाकडे तोंड करून पाही आणि पुन्हा कोरी.

नूरबीनं दोरी सोडली. "बस करो जी," ती म्हणाली. "इसमें आटा मलना है."

"देख तो सही," अमीन म्हणाला, "उजाला आरपार जाता है."

खोटं कशाला बोलू, मलाही थांबायचं नव्हतं. उन्हात माझी भिंत मधासारखी लाल दिसत होती. आजवर मी झाडाच्या अंगावरचं एक कुरूप आवाळू होते, आणि आता गल्लीतली माणसं मला बघायला येत होती. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुशाल चढले.

ताईबाई मला न्यायला आली, तेव्हाही चार माणसं वाहवा करत उभी होती. तिनं माझा तळ अंगठ्यानं दाबून पाहिला. पातळ झाली नाही ना, असं तिनं हळूच विचारलं. सगळ्यांसमोर अमीन काय सांगणार? काही होत नाही अक्का, निर्धास्त न्या, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. नूरबी भुसा झाडत होती, तिनं मान वर केली नाही.

ताईबाईची मुलगी सुंदरबाई. तिला पिंपळनेरला दिलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी नव्या सुनेनं माहेरच्या काठवटीत पीठ मळून पहिली भाकरी करायची, अशी त्या घरची रीत होती. शेजारणी अंगणात जमल्या होत्या, सासू भागाबाई त्यांना पानसुपारी देत होती. चुलीपाशी सुंदरबाई एकटी होती. तिनं माझ्यात पीठ भिजवलं आणि तळहाताचा जोर लावला. ज्वारीचं पीठ जोरावाचून मळलं जात नाही. तिसऱ्या दाबाला माझा तळ टचकन बोलला आणि चीर थेट काठापर्यंत गेली.

सुंदरबाईनं भराभरा पीठ काढून परातीत घातलं. आवाज ऐकून भागाबाई आणि बायका आत आल्या.

"मना हातमाईन पडनी," सुंदरबाई म्हणाली.

हातातून पडली असं न सांगता मळताना तडकली असं ती म्हणाली असती, तर बायका म्हणाल्या असत्या, आईनं पोरीला असली दिखाऊ वस्तू देऊन वाटेला लावलं. ते तिला नको होतं. म्हणून पंधरा वर्षांच्या त्या पोरीनं माझा दोष आपल्या अंगावर घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मी होते.

त्या दिवसापासून सुंदरबाई 'फुटक्या हाताची' झाली. दुधाचं मडकं तिला उचलू देत नसत. पुढं तिला मुलगा झाला, तर त्याला न्हाऊमाखू घालायलाही भागाबाईनं तिला हात लावू दिला नाही. मला चुलीजवळच्या फळीवर ठेवलं, माझ्यात लसूण आणि सुक्या मिरच्या भरल्या. पाहुणे आले की भागाबाई मला खाली काढी. पाहुणे माझ्या रेषा बघत, सालीची किनार बघत, हळहळत, आणि मग सुंदरबाईकडे बघत. जितकं माझं कौतुक मोठं, तितका तिचा अपराध मोठा. अशी बावीस वर्षं गेली. मधल्या काळात ताईबाई वारली. आईलाही सुंदरबाईनं हातातून पडली असंच सांगितलं होतं.

१९३६ साली अमीन पिंपळनेरच्या बाजाराला आला होता. खाटेचा पाय बसवायला भागाबाईनं त्याला घरी बोलावलं. फळीवर मला बघताच त्याचा चेहरा फुलला. त्यानं मिरच्या बाजूला करून मला हातात घेतलं. सुनेनं पाचव्याच दिवशी पाडली, असं भागाबाईनं सांगितलं. अमीननं चिरेवरून अंगठा फिरवला. पडलेलं भांडं काठाशी फुटतं. माझी चीर तळाच्या मध्यापासून निघालेली होती. सुंदरबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. अमीननं तिच्याकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. तो पाणी प्यायला, पाय बसवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्या दिवशी आम्ही दोघंही सारखेच निघालो, करणारा आणि केलेली.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, सर्व्हिस मोटारीनं, नूरबीला घेऊन. घरी त्यानं तिला सगळं सांगितलं असावं. नूरबीच्या कडेवर बाभळीची नवी काठवट होती, दोन बोटं जाड, साधी. अमीन ओट्याखालीच उभा राहिला. नूरबी आत आली.

"अक्का, ती काठवट पडनी नही," ती भागाबाईला म्हणाली. "पीठ मयतांना तडकनी. दोरी मी ओढी व्हती, माले ठाऊक शे. हिनी मायनी जाड मांगी व्हती. चूक आमनी शे."

भागाबाई सुनेकडे वळली. "मंग तू बोलनी काबर नही?"

"बोलती तं मनी मायनं नाव खराब व्हतं," सुंदरबाई म्हणाली. "तेनापेक्षा मना हात फुटका बरा."

भागाबाईच्या मांडीवर तेव्हा सुंदरबाईची नात होती, दीड महिन्यांची. म्हातारी उठली. तिचे डोळे भरले होते. तिनं ते तान्हं बाळ सुंदरबाईपुढं धरलं आणि घे म्हणाली. मला वाटलं, आता सगळं निवलं.

सुंदरबाईनं हात पुढं केले आणि मागं घेतले. ते थरथरत होते.

"नको, आत्याबाई," ती म्हणाली. "मना हातमाईन पडी."

मित्रांनो, पहिल्या दिवशी तिनं ते आईसाठी खोटं सांगितलं होतं. बावीस वर्षं ऐकून ऐकून ते तिलाच खरं वाटू लागलं होतं. शेवटी नूरबीनं तिला भिंतीशी बसवलं, तिच्या हातांखाली आपले हात धरले, तेव्हा कुठं सुंदरबाईनं बाळ घेतलं. पुढं कित्येक दिवस सुंदरबाईनं बाळ घेतलं, तर बसूनच घेतलं.

वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागते, की तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या माथी बसलेली दिसली, तर त्याच दिवशी बोला. उशिरा बोललेलं खरं कानांना कळतं, पण थरथरणाऱ्या हातांना ते पटायला फार वेळ लागतो.