मेणबत्तीने निवडलेला रेग्युलेटर

मित्रांनो, मी पंख्याचा रेग्युलेटर आहे. जुना म्हणाल तर तसा फारसा जुना नाही. माझ्या पांढऱ्या चेहऱ्यावर बोटांचे डाग अजून नीट बसलेलेही नाहीत. तरी आत्मवृत्त सांगायला बसलो आहे, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे, आणि नम्रपणा कारखान्यात माझ्यात बसवायचा राहून गेला.

माझ्या पोटात लहान लहान कपॅसिटर आहेत. खुंटी फिरवली की टक् असा आवाज होतो आणि पंखा एक पायरी चढतो किंवा उतरतो. माझे पूर्वज म्हणजे भिंतीवरचे मोठे काळे डबे. पंखा हळू केला की ते स्वतःच तापायचे. मी तापत नाही आणि कुरकुरतही नाही.

कारखान्यातून मी रायपूरला आलो आणि गोल बाजाराजवळच्या भैय्यालालच्या दुकानात खोक्यात पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, बोर्डाला जुळणारा रंग आहे का? एवढंच. एकवर पंखा किती हळू फिरतो, हे कोणी विचारायचं नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात पंखा पाचवर नेऊन ठेवतात आणि मग आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला याचा फार राग यायचा.

आता रायपूरच्याच गुढियारी भागातल्या एका घराची गोष्ट सांगतो, पुढे त्याच घरात ऐकलेली. तिथे तुळशीराम राहतात. रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांची नोकरी झाली. बायको कमला, मुलगा यशदीप आणि सून दीपमाला, एवढं घर. बुद्धपौर्णिमेला शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे जमतात. तुळशीराम पुढे बसून वंदना म्हणतात आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. सासूबाईंपासून चालत आलेला कमलाबाईंचा नियम पक्का होता: वंदना संपेपर्यंत मेणबत्ती विझू द्यायची नाही. म्हणून पंखा बंद. बाहेर लूच्या गरम झळा वाहत असतात, म्हणून खिडक्याही बंद.

गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला त्याच बंद खोलीत वंदना म्हणता म्हणता तुळशीराम कोसळले. त्यांना दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी बजावलं की उन्हाळ्यात बिनहवेच्या खोलीत बसायचं नाही. या वर्षी पौर्णिमा जवळ आली तेव्हा म्हातारा शांतपणे म्हणाला, "मी अंगणात बसतो न नीमाखाली. वंदना यशदीप सांगन. मले तिथून बी ऐकू येते."

 हे ऐकून कमलाबाई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसल्या.

पंखा अगदी हळू ठेवावा, असं यशदीपच्या मनात आलं. पण जुना डबा कित्येक वर्षं पाचवरच होता. जोर लावताच खुंटी त्याच्या हातात आली. मग त्याने घाईघाईत नाक्यावरून एक गोल बटण आणलं. ते दिवा मंद करायचं बटण होतं, पंख्याचं नव्हेच! पंखा हळू झाला, पण असा घूंघूं करू लागला की वंदना म्हणून पाहताना तुळशीरामांचा आवाज त्यात बुडून गेला.

"काहून आणलं हे भुंगं?" कमलाबाई म्हणाल्या. "अंगणातच बसू द्या त्याईले."

दीपमालाने मात्र हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघाली ती थेट भैय्यालालच्या दुकानात आली, आणि पर्समधून चक्क मेणबत्ती काढली.

"भैया, पंखा एक नंबर पे चलाओ. ये बुझनी नहीं चाहिए. और आवाज भी नहीं."

भैय्यालाल हसला. "दीदी, रेग्युलेटर लेना है कि केक काटना है?"

पण दुकानदारच तो! स्टूल सरकवलं, मेणबत्ती पेटवली आणि छताच्या पंख्याला एकेक रेग्युलेटर लावून दाखवू लागला. सोनेरी काठाचा एक भाऊबंद पहिला गेला. त्याचा एक म्हणजे आमचा तीन! ज्योत फट्कन विझली. दुसरा बिनपायऱ्यांचा, कितीही फिरवा. त्याने ज्योत सांभाळली, पण गुणगुणू लागला. दीपमालाने मान हलवली. तोवर दुकानात माणसं जमली होती. प्रत्येकजण आपलं मत देत होता.

मग माझी पाळी आली. मी जीव मुठीत धरून एकवर उतरलो. ज्योत कलली, थरथरली आणि सरळ उभी राहिली. आवाज शून्य. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जातीचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

"हव दीदी, यही है," भैय्यालाल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

यशदीपने मेन स्विच बंद करून मला बोर्डात बसवलं. पौर्णिमेच्या सकाळी घर पांढऱ्या कपड्यांनी भरलं. मूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागली. मला एकवर ठेवलं. कमलाबाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास नव्हता. तुळशीराम पुढे बसले आणि त्रिसरण सुरू झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात शेजारचे शेखर उन्हातून घाम पुसत आत आले, आणि रायपूरचा कोणीही माणूस करतो तेच त्यांनी केलं. आधी हात बोर्डाकडे! टक्, टक्. मी तीनवर गेलो. ज्योत आडवी झाली. निळा ठिपकाच काय तो उरला.

"हात नका लावू भैया!" कमलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि झट्कन मला मागे फिरवलं. मी इतक्या तत्परतेने आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. पाती मंदावली. ज्योत हळूहळू उभी राहिली. तुळशीरामांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांचा आवाज बारीक होता, पण मागच्या ओळीपर्यंत स्पष्ट पोहोचत होता. त्यांच्या कपाळावरचे केस वाऱ्याने जरासे हलत होते.

कमलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. वंदना संपेपर्यंत त्यांचा तळवा माझ्यावर होता. घामाने ओला.

साधु, साधु, साधु म्हणत शेवटचा साधुकार झाला. लोक खिरीकडे वळले. तुळशीराम उठले आणि बायकोजवळ आले. "तू काहून रडून राहिली?" त्यांनी विचारलं.

"कुठं रडते?" कमलाबाई म्हणाल्या. "तुमचा आवाज ऐकून राहिली होती. जवळून."

मित्रांनो, तुमच्या घरचा रेग्युलेटरही वर्षानुवर्षं पाचवर अडकला असेल. आज त्याला एकदा एकपर्यंत फिरवून पाहा, धूळ पुसा, नवा घ्यायचा तर नुसता रंग बघून घेऊ नका. कुणाला थोडा वारा हवा असतो, कुणाला ज्योत जपायची असते. त्यांच्यातलं कोणी निमूटपणे अंगणात जाऊन बसायच्या आधी माझ्यासारख्या एखाद्याला विचारून पाहा.