बाकाचा डावा कोपरा

ईमेल लिहायला शिकून खुर्चीवाल्याला मिळणार काय होतं? हिशेब सरळ होता. शिकला, तर दुकानाला गिऱ्हाईक आणि लेक परगावी. नाही शिकला, तर गिऱ्हाईक गेलं उडत, पण लेक घरात. खुर्चीवाला धंद्यात मुरलेला माणूस. कुठला सौदा फायद्याचा हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणून त्याने ठरवलं, आपण ढ राहायचं.

लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणत. परगावच्या एका कंपनीत तिला मनासारखी नोकरी लागली होती आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. घोडं अडलं होतं ते दुकानापाशी. जुन्या खुर्च्यांना नवा फोम, नवं रेक्झिन चढवण्यात बापाचा हात धरणारा कुणी नव्हता, पण जुनी गिऱ्हाइकं एकेक करून आटली होती. नवी मिळवायची तर अनोळखी लोकांना ईमेल धाडायला हवेत, आणि ते आजवर ठिणगीच धाडत आली होती.

"तुम्हाला जमायला लागलं की मी निघाले," ती म्हणाली होती. "नाही जमलं, तर नाही जात. दुकान वाऱ्यावर सोडून मला तिकडे झोप लागायची नाही."

तेव्हापासून रोज दुपारी, कापड बेतायच्या टेबलावर, शिकवणी.

"काय लिहिलंत? वाचा."

खुर्चीवाल्याने घसा साफ केला. "माननीय महोदय, सादर प्रणाम. आमच्या दुकानाची मुहूर्तमेढ आमच्या तीर्थरूपांनी रोवली, तेव्हा खुर्च्यांत काथ्या भरायचा जमाना होता..."

"बाबा, समोरच्याला आजोबांशी काय करायचंय?"

"मग ओळख नको द्यायला? असं कसं एकदम कुणाच्या घरात घुसायचं?"

"आपली ओळख शेवटी, एका ओळीत. आधी त्यांची गोष्ट. त्यांना कुठे टोचतंय ते लिहा. मग एकच विचारा, येऊन बघू का? आणि नको म्हणायला त्यांना वाट ठेवा. बास."

"बास? अगं, चहा सांगतानासुद्धा मी यापेक्षा जास्त बोलतो."

कोपऱ्यात खुर्चीवाल्याची थोरली बहीण, अक्का, शिवणयंत्रावर खोळी शिवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "याचं असंच. नमनाला घडाभर तेल. सासऱ्याला पहिल्यांदा भेटला, तर तासभर फोमचे प्रकार समजावत बसला."

"शेवटी हो म्हणाले ना?"

"सुटायला म्हणाले!"

दुसऱ्या दिवशी त्याचा ईमेल आणखी लांबला. तिसऱ्या दिवशी त्यात खुर्च्यांची जंत्री शिरली. ठिणगी मात्र चिकाटीची. बापाच्या बोटांवर हात ठेवून ती एकेक वाक्य खोडायला लावायची. लहानपणी त्याने असाच तिच्या बोटांवर हात ठेवून खिळे ठोकायला शिकवलं होतं; आता ते व्याजासकट परत येत होतं, आणि खुर्चीवाला ते गुपचूप वसूल करून घेत होता. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. त्यात ते सोंग इतकं सुखाचं असेल, तर विचारायलाच नको.

बुधवारी त्याची दाढ ठणकली. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती. बाकाच्या डाव्या कोपऱ्यावर रेक्झिन फाटलेलं, वर चिकटपट्टी लावलेली, आणि पट्टीची कड वळून ताठ झालेली. जो तिथे बसे तो दोन मिनिटांत पोटऱ्या चोळत उठे. सगळे उजव्या टोकाला दाटीवाटीने बसलेले, आणि एक आजी उभ्याच. खुर्चीवाल्याने आपली जागा त्यांना दिली, पण नजर त्या कोपऱ्यावरून हलेना. दाढ राहिली बाजूला, हातच शिवशिवायला लागले.

सुजलेला गाल घेऊन तो तडक दुकानात आला आणि संगणकासमोर बसला. औषधाच्या चिठ्ठीवरचा पत्ता घातला, वर विषय टाकला, 'तुमच्या बाकाचा डावा कोपरा'. खाली लिहिलं:

'डॉक्टर, आज तुमच्याकडे दाढ दाखवून गेलो. बाकाच्या डाव्या कोपऱ्यातली चिकटपट्टी पायांना टोचते, म्हणून तिथे कुणी टिकत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं. आधीच भ्यालेल्या माणसाला बसायला तरी मऊ असावं. मी खुर्च्या-बाकांचंच काम करतो. रविवारी येऊन बघू का? नको असेल तर तसं कळवा, राग नाही.'

पाठवून झाल्यावर त्याला आठवलं, की आपल्याला लिहिता येत नाही.

गुरुवारी दुपारी ईमेलची पेटी ठिणगीनेच उघडली. उत्तर आलं होतं. 'रविवारी या. आतल्या खुर्च्याही बघा. गुळण्या चुकवू नका.' तिने खालचा, बापाचा मजकूर वाचला. पुन्हा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"अक्काने."

"माझ्या नावावर काही खपवू नकोस हं!" अक्का कडाडली.

"बाबा, इतके दिवस तुम्ही मला मामा बनवत होतात?"

खुर्चीवाला फोमचा तुकडा कुरतडत राहिला. "इतके दिवस तू रोज दुपारी माझ्याजवळ बसत होतीस," तो म्हणाला. "मला काय वाईट होतं?"

ठिणगीने नाक ओढलं. मग म्हणाली, "नाहीच जात मी. आत्ताच कळवून टाकते."

झालं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. अक्काने यंत्र थांबवलं आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिलं.

"सरक जरा," खुर्चीवाला लेकीला म्हणाला.

त्याने संगणक स्वतःकडे ओढला आणि तिच्या देखत समोरच्या वाचनालयाला लिहायला घेतलं. तुमच्या खुर्च्या इतक्या खचल्यात, की वाचणाऱ्याची हनुवटी टेबलाला लागते; एक खुर्ची नेऊन दुरुस्त करून दाखवू का? तीर्थरूप नाहीत, प्रणाम नाही, काथ्या नाही. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

"काढ चूक."

ठिणगीने शोधली. मनापासून शोधली. मग हळूच म्हणाली, "नाहीये."

"मग त्या कंपनीला हो लिही. आणि आटोपशीर लिही, लोकांना वेळ नसतो."

या व्यवहाराचा ताळेबंद असा: डॉक्टरीणबाईंना मऊ बाक मिळाला, आजींना बसायला जागा, दुकानाला गिऱ्हाईक, ठिणगीला तिची नोकरी, अक्कालासुद्धा भावाला चिडवायला आयुष्यभराचा ऐवज मिळाला. खर्ची पडल्या त्या रोजच्या दुपारी, आणि त्या एकट्या खुर्चीवाल्याच्या पदरच्या होत्या.