पिराच्या झऱ्याची परीक्षा

कारा-तेरेक गावात पाण्याला तोटा नव्हता. शाळेला नळ मंजूर झाला होता. तो कुठल्या पाण्याचा, एवढंच ठरायचं होतं. उमसुनाय बाईंच्या वर्गातली निम्मी पोरं पोट धरून घरी पडली होती, म्हणून बाईंना घाई होती. गावसभेला नव्हती.

पाटाचं पाणी वरच्या गावची गुरं आधी नीट तपासून मगच खाली पाठवत. तरी सात दगडांवरून लोळलं की पाणी शुद्ध, हे ठरलेलंच. हातपंपाच्या पाण्यात चहा शाईसारखा होई, आणि हा गुन्हा गावाच्या लेखी अक्षम्य होता. राहिला पिराचा झरा. काचेसारखा नितळ. त्याच्यावर शंका घेणार कोण?

बाईंनी घेतली. दवाखान्यातून तपासणीचं औषध घातलेल्या तीन बाटल्या आणल्या आणि वर्गात सांगितलं, "पाण्यात पोटातली घाण मिसळली असेल, तर दोन दिवसांत औषध काळं पडतं. डोळ्यांवर विसंबू नका, बाळांनो."

"पिराची परीक्षा घेतेस, पोरी?" गावचे वडीलधारे झुमाकादिर आबा कडाडले. "घे! पण आधी त्याचा मान होऊ दे."

मान म्हणजे मेंढा. दर शुक्रवारी कुणाचा ना कुणाचा नवस असेच; या शुक्रवारी झरा पहिला यावा म्हणून अख्ख्या गावाचा होता. दुआ झाली, मेंढा कापला आणि आतडी धुतली. कुठे? झऱ्यातच.

"आबा, जरा लांब धुतली असती तर?"

"पवित्र पाण्याला कसला विटाळ? शिकलीस, पण शहाणी झाली नाहीस!"

बाईंनी तिन्ही ठिकाणचं पाणी भरून घेतलं. दोन दिवस बाटल्या चुलीच्या उबेला राहिल्या. मग सभेत पाटाची बाटली निघाली काळी. झऱ्याची काळीकुट्ट. पंपाची होती तशीच.

"बाटलीच खोटी!" मागून कुणीतरी ओरडलं.

आबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "बाटली खरी आहे," ते म्हणाले. "पिराचं पाणी फार तेजाचं. पोरांना झेपायचं नाही. शाळेला पंपाचंच द्या."

बाईंनी मान डोलावली. "अगदी खरं, आबा. मोठ्यांनाही ते तेज उकळून थोडं उतरवूनच प्यायला हवं, नाही का?"

"हे काय विचारणं झालं?" आबा म्हणाले. "मी तेच सांगत होतो."